चोरस्विच

सकाळी साडेनऊला गल्लीतून आवाज आला आणि गोरक्षच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

खर्रर्र-खर्रर्र-खर्रर्र. जरा दम. पुन्हा खर्रर्र-खर्रर्र.

झुंबरबाईची व्हॅन. रानातून परतणाऱ्या शंभर गुरांत आपल्या गाईची घंटा कळावी, तशी ती त्याला कळायची. त्याने मान तिरपी केली. स्टार्टर दणक्यात फिरतोय, म्हणजे बॅटरीत जीव आहे. पण इंजिन एकदाही खोकत नाही, एकदाही उचकी देत नाही. पेट्रोल पोचत नसणार. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्याच्या मनाची खात्री झाली.

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले, रॉकेलने धुतले, पुन्हा पुसले. खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला. त्याचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी आणि झुंबरबाईचं घर आत पाचवं. आता हाक येईल. "आरं गोरक्षा, बघ की रं काय झालंय हिला," असं म्हणत ती स्वतःच येईल. तो उंबऱ्यात उभा राहिला, पण रस्त्याकडे पाठ करून. वाट बघतोय असं दिसायला नको.

हाक आली नाही. आली ती जीशानची मोटारसायकल. ती त्याच्या दारावरून वळून सरळ गल्लीत शिरली. जीशानच्या पाठीला काळी बॅग होती आणि बॅगेत ते मशीन, गाडीला जोडलं की पडद्यावर आजार लिहून दाखवणारं.

गोरक्षच्या छातीत काहीतरी भप्पकन पेटलं.

गेल्या दिवाळीपर्यंत ही गाडी त्याची होती. कागदावर झुंबरबाईची, पण तिचं दुखलंखुपलं सगळं त्याच्या हातचं. झुंबरबाई हळदीची गाणी म्हणते. बरोबर चार बाया आणि गाडीत दोरीने बांधलेलं जातं. जामखेडपासून खर्ड्यापर्यंत जिथे लग्न, तिथे हिचं जातं आधी पोचतं. नवरा गेल्यापासून ती जात्याच्या खुंट्याला हात लावत नाही; सवाष्णी दळतात आणि ही गाते. चौपन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, आज साठीला टेकली. आणि मांडवात पोचल्यावर जात्यात पडणाऱ्या पहिल्या घासाला ती एक ओवी आपल्या पदरची घालते, ज्याने गाडी धड ठेवली त्याच्या नावाची:

लांबच्या लग्नाला गं, वाट माझी सोपी झाली
भावानं गोरक्षानं, गाडी माझी नीट केली

कितीतरी मांडवांत हे नाव गाजलं होतं. आणि मग मार्गशीर्षात एका लग्नात गोरक्ष जेवायला बसलेला, आतून जात्याची घरघर आली, आणि मागोमाग तीच चाल, तोच गळा:

भाच्यानं जीशाननं, गाडी माझी नीट केली

भावाच्या जागी भाचा आला होता. बाकी ओवी जशीच्या तशी. त्याच्या हातातली जिलेबी पत्रावळीत परत गेली.

हा जीशान कुणी परका असता तर एकवेळ सोसलं असतं. पण तो बाबाजान मिस्त्रींचा मुलगा. बाबाजान मिस्त्रींच्या हाताखाली गोरक्षने बावीस वर्षं काढली. गाडीच्या छातीला लाकडी दांडा लावून तिचं दुखणं कानाने कसं ऐकायचं ते त्यांनी त्याला शिकवलं, या पोराला नाही. पोरगा पुण्याला कंपनीत होता. मिस्त्री गेले आणि हा आला, बापाच्या गॅरेजवर नवा पत्रा टाकला, नवी पाटी लावली, आणि वर हे मशीन.

गोरक्षचे पाय आपोआप गल्लीकडे निघाले.

दारात व्हॅन उभी होती. मागे जातं, टोपल्या, सुपं. पुढे ड्रायव्हरच्या पायांशी हळकुंडांची पिशवी कोंबलेली. ओट्यावर नऊवारी नेसलेल्या बाया बसलेल्या, आणि त्यांत भागिरथी, जिच्या जिभेला सुपारी कातरायच्या अडकित्त्याची धार.

"आलं बघा गं," ती म्हणाली. "न बोलावता."

"मी दूध आनाया चाललोय," गोरक्ष म्हणाला.

"आन किटली?"

त्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. बाया खिदळल्या. जीशानने बॉनेटमधून डोकं वर काढलं. "चाचा, बरं झालं आलात. सेल्फ मारतोय, पण इंजिन घेत नाही बघा."

"तुझं मशीन काय म्हनतंय?"

"तेच तर. मशीन म्हणतं, सगळं ठीक आहे."

"मग ठीकच आसंल," गोरक्ष म्हणाला आणि समोरच्या ओट्यावर बसला. मशीन मुकं झालेलं बघून त्याच्या जिवाला जो गारवा वाटला, तो त्याने चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

झुंबरबाई कमरेला पदर खोचून उभी होती. तिने गोरक्षकडे एकदा पाहिलं, पण बोलली जीशानशी. "बाराला हळद दळाया बसायचं हाय खर्ड्यात. नवरीला सकाळधरनं उपाशी ठिवलीय. आज तीथ दाट, एक जीप रिकामी न्हाई जामखेडात. आन हे जातं काय मी डोक्यावर न्हेऊ?"

"होईल मावशी. दोन मिनिटं."

जीशानने मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीला कान लावला आणि झुंबरबाईला चावी अर्धी फिरवायला सांगितली. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो, गूंऽ, आणि गप्प बसतो. तो गुणगुणला नाही. गोरक्षला समोरच्या ओट्यावरूनही कळलं, की तिथे नुसती शांतता आहे. जीशानने फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. रिलेवर बोट ठेवलं, रिले टक् करत होता. "करंट निघतोय, पण पंप बोलत नाही," तो स्वतःशीच म्हणाला.

आणि त्याच क्षणी गोरक्षला सगळं उमगलं.

त्याची नजर हळकुंडांच्या पिशवीवर गेली. ती गच्च भरलेली पिशवी स्टीअरिंगच्या खाली, क्लचच्या डाव्या अंगाला दाबून बसवली होती. आणि नेमक्या तिथे, पत्र्यामागे, बोटाच्या पेराएवढा एक स्विच होता. तो बंद केला की पंपाकडे जाणारा करंट तुटतो. चोर रात्रभर सेल्फ मारत बसला तरी गाडी हलत नाही. चोरस्विच. झुंबरबाईचा नवरा रंभाजी जिवंत असताना एस.टी. स्टँडवरून एका आठवड्यात दोन गाड्या गेल्या होत्या, तेव्हा त्याने तो बसवून घेतला. रंभाजी गेला, स्विच चालूच्या बाजूला पडून राहिला, आणि आज गोरक्षशिवाय तो कुणाला माहीत नव्हता. पिशवीचा धक्का लागला असणार, दुसरं काय!

उठून दोन पावलं टाकायची, बोट लावायचं. बास.

तो उठला नाही. त्याने पाठ भिंतीला टेकली. भागिरथीने सगळ्यांना चहा दिला, त्यालाही दिला, आणि तो चहा त्याने अगदी सावकाश, बशीत ओतून ओतून प्यायला. समोर जीशान घामाघूम होत होता. प्लग काढला, ठिणगी पाहिली, परत बसवला. मशीनच्या वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या. गोरक्षला वाटलं, असंच चालू दे अजून थोडं. अजून थोडी फजिती होऊ दे. कुणीतरी म्हणेल, आता गोरक्षलाच विचारा. ते एक वाक्य त्याला हवं होतं, आणि ते झुंबरबाईच्या तोंडून हवं होतं.

दहा चाळीसला खर्ड्याहून फोन आला. झुंबरबाई फोनवर म्हणत होती, "निघालोच, निघालोच," आणि तिच्या कपाळावरची शीर उडत होती.

"मावशी, पंप गेला असणार," जीशान उठत म्हणाला. "त्याचं सॉकेट टाकीच्या डोक्यावर आहे. टाकी खाली घेतल्याशिवाय हात जात नाही. दीड तास लागेल."

झुंबरबाई मटकन व्हॅनच्या पायरीवर बसली. गोरक्षचं नाव मात्र तिने घेतलं नाही.

मग तो आपणच उठला. आता उठला नसता तर उठायला काही उरलंच नसतं. हातातली बशी खाली ठेवून, मनात अर्धा तास घोळवलेलं वाक्य त्याने शांतपणे उच्चारलं, "आक्का, जरा सरका. जीशान, तू बी हो बाजूला. टाकी सोडायची गरज न्हाई."

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. त्याने पिशवी बाजूला ओढली, गुडघ्यावर बसला, पत्र्यामागे हात घातला. बोटाला स्विच लागला. टच्.

"मार आता सेल्फ."

जीशानने चावी फिरवली. खर्रर्र-खर्रर्र-खर्रर्र. इंजिन ढिम्म.

त्याने स्विच दुसरीकडे केला. खर्रर्र-खर्रर्र. पुन्हा इकडे. पुन्हा तेच. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पूजा मांडली व्हय गाडीची?" भागिरथी म्हणाली. "तीनदा हात लावला. आता नारळ फोड."

जीशानने वाकून मोबाईलचा उजेड टाकला. "चाचा, हे काय? चोरस्विच?"

"कसला चोर?" झुंबरबाई उठली.

आता सांगणं भाग होतं. "मिस्त्रींच्या ग्यारेजात बसवून घेतला हुता रंभाजीदादांनी. तवा गाड्या चोरीला जायच्या. म्हनले, कुनाला बोलू नको."

"कुनाला म्हंजी? मलाबी?"

"म्हनले... बाईमानसाच्या पोटात ऱ्हात न्हाई."

झुंबरबाई क्षणभर त्या काळ्या खुंटीएवढ्या स्विचकडे बघत राहिली. "त्येंच्या पोटात काय काय हुतं, ते मी माझ्या पोटात ठिवलं जलमभर," ती म्हणाली. मग वळली. "ते जाऊ दे. मेलेल्या मानसाशी काय भांडायचं! तू सांग. तासभर हितं बसलायस. तुला ह्ये ठावं हुतं?"

गोरक्षने पिशवीचं तोंड उगाच आवळलं.

"ठावं हुतं की," भागिरथी म्हणाली. "म्हनून तर च्या गोड लागत हुता त्येला."

"तुला वाटत आसंल, मी मशिनीपायी ह्याच्याकडं गेले," झुंबरबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "दिवाळीत तुझ्या दारात चार बाप्ये उभे हुते. क्लच घासला म्हनून मी गाडी आनली. तू काय म्हनलास? आक्का, गाडी हाकनं म्हंजी जात्याचा खुंटा फिरवनं न्हाई. सगळे हसले. तुझ्या ध्यानात बी नसंल."

त्याच्या ध्यानात नव्हतं. आता आलं. त्या हसण्यात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता, तेही आलं.

"मावशी, भांडण नंतर," जीशान मध्ये पडला. "चाचांनी वाट तर दाखवली. पंपाची तार या स्विचमधून गेलीय, हे मला माहीतच नव्हतं. आता टाकी कशाला सोडू? तारेमागंच जातो."

याचं हे चांगलं वागणंसुद्धा गोरक्षला काट्यासारखं टोचलं. चिडला असता, हिणवलं असतं, तर निदान उलट बोलता आलं असतं.

जीशानने दोन तारांचा छोटा बल्ब काढला आणि करंट शोधत निघाला. स्विचच्या अलीकडे बल्ब लागला. पलीकडे लागला. वीतभर पुढे, रबरी चटईच्या खाली, काळ्या टेपची एक गाठ होती. तिच्या अलीकडे लागला आणि पलीकडे विझला.

"इथं आहे," तो म्हणाला आणि ब्लेडने टेप सोडली.

आत तांब्याचा जोड होता, हिरवा पडलेला, मध्ये जळून काळा झालेला. पिशवीच्या दाबाने तार ओढली गेली होती आणि तांब्याचे उरलेले दोन केसही तुटले होते. जीशानने तो जोड तळहातावर घेतला आणि तसाच बघत राहिला. तीन वेढे उजवे, मग टोक माघारी दुमडून एक वेढा डावा.

"हा अब्बांचा पिळा," तो हळूच म्हणाला. "लहानपणी बघायचो. असा पिळा जामखेडात दुसरा कुणी घालत नव्हता. मला कधी आलाच नाही. पुण्यात जोड नसतात, नुसते सॉकेट." मग त्याचा चेहरा बदलला. "पण डाख कुठंय? अब्बा तर म्हणायचे, पिळ्यावर कथिलाचा डाख दिला नाही तर तो जोड नाही, नुसती गाठ आहे. त्यांनी असा कसा सोडला?"

"म्हातारपनी डोळं अधू झालतं त्येंचं," भागिरथी पहिल्यांदाच मवाळ बोलली. "ऱ्हायलं आसंल."

"व्हय बाबा," झुंबरबाई म्हणाली. "बाबाजानभाईंची एक चूक झाली, म्हनून काय मानूस लहान हुत न्हाई."

जीशानने मान हलवली, पण नजर जोडावरच होती. बापाचा हात भेटल्याचा आनंद आणि त्याच हाताची चूक, दोन्ही एकदम पदरात पडलेल्या माणसासारखा तो बसून राहिला.

गोरक्षला आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं सकाळपासून त्याला चांगलंच जमत होतं. मेलेला माणूस उठून काही सांगायला येणार नव्हता.

पण आत पुन्हा तेच भप्पकन पेटलं. तो पिळा त्याचा होता! तुटक्या तारांवर वर्षभर गिरवून, बोटांची सालं काढून त्याने तो कमावला होता. मिस्त्रींनी एकदा त्याचा जोड हातात घेऊन म्हटलं होतं, यात माझा कुठला अन् तुझा कुठला, मलाच कळेना. आणि आता हा पोरगा तो बापाचा म्हणून डोळे भरून बघतोय. कौतुक झालं तरी बापाचं, चूक निघाली तरी बापाची. ओवीतून नाव गेलं, गाडी गेली, आता चूकसुद्धा दुसऱ्याच्या नावावर? मग या गाडीत गोरक्षचं उरलं काय?

"पिळा माझा हाय," तो म्हणाला.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

"माझा हाय म्हनतो ना! मिस्त्रींचा न्हाई." आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तवा मी त्येंच्याकडं कामाला हुतो. मिस्त्री नगरला गेल्ते. वीज गेली हुती, डाख द्यायची सळई तापंना. रंभाजीदादा घाई करत हुते. मी म्हनलो, टेप गुंडाळतो, डाख उद्या देतो. त्यो उद्या काय आलाच न्हाई. मिस्त्रींना ठावंबी न्हाई ह्ये. ठावं आसतं तर सालटं काढलं आसतं माझं."

"म्हणजे अब्बांनी नव्हता सोडला," जीशान म्हणाला, आणि तो जोड ब्लेडने कापून त्याने हळूच स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला.

झुंबरबाईने मोबाईलमध्ये वेळ पाहिली. "अकराला पाच कमी," ती म्हणाली. "त्यो उद्या आज आला आसंल तर दे की आता डाख."

गोरक्षच्या गॅरेजातून डाखाची सळई आली, घराच्या खिडकीतून वायर बाहेर आली, सळई तापत ठेवली. जीशानने तारा सोलल्या आणि दोन्ही टोकं गोरक्षसमोर धरली. गोरक्षने घातला पिळा: एक, दोन, तीन उजवे, टोक माघारी, एक डावा. जीशान श्वास रोखून त्याच्या बोटांकडे बघत होता. कथिल वितळलं, पाऱ्यासारखं चमकत तांब्यात उतरलं आणि निवलं. वर टेप चढली.

चावी अर्धी फिरली. मागच्या टाकीतून आवाज आला, गूंऽ.

"बोलली गं बाई," भागिरथी म्हणाली.

पूर्ण चावी. एक उचकी, आणि इंजिन लागलं. बाया टोपल्यांसकट आत घुसल्या. झुंबरबाईने आरशात बघून पदर नीट केला, क्लच दाबला, आणि मग काच खाली करून म्हणाली, "गोरक्षा."

"जी आक्का."

"संध्याकाळी गाडी तुझ्या दारात लावते. त्यो स्विच काढून टाक. माझ्या गाडीत माझ्यापासनं लपवल्यालं काय नको. तूच घातला, तूच काढ." तिने गिअर टाकला. "आन एक टोमना मारलास, तर पुन्यांदा तोंड बघनार न्हाई."

"न्हाई मारनार."

"मारल, मारल," आतून भागिरथी ओरडली. "सवय हाय त्येला!"

व्हॅन वळली, आणि तिचा आवाज खर्ड्याच्या रस्त्याला लागून पातळ होत गेला. गोरक्ष तो शेवटपर्यंत ऐकत उभा होता. गाडी संध्याकाळी त्याच्या दारात येणार होती. त्याची चूक उकरायलाच का होईना, पण येणार होती.

त्याने मागे वळून पाहिलं, तर जीशान मशीनची वायर गुंडाळत होता, आणि गुंडाळता गुंडाळता थांबून गोरक्षच्या हातांकडे बघत होता. हातांकडे, बोटांकडे, जिथे बापाने शिकवलेलं सगळं जाऊन बसलं होतं आणि पोटच्या पोराकडे काही आलं नव्हतं. ती नजर गोरक्षच्या चांगली ओळखीची होती. दिवाळीपासून रोज दाढी करताना तो ती आरशात बघत होता.

"येतो, चाचा," जीशान म्हणाला. त्याने बॅग पाठीला लावली आणि मोटारसायकल ढकलत निघाला.

गोरक्षने त्याला दहा पावलं तसंच जळू दिलं. तेवढं तरी त्याला हवंच होतं.

मग त्याने हाक मारली. "ए जीशान! सातला ये माझ्याकडं. वीतभर-वीतभर तारंचे तुकडे घेऊन ये, धा-पंधरा."

जीशान थांबला. "कशाला?"

"पिळा काय जलमभर यायचा न्हाई का तुला?"

जीशानने मोटारसायकल स्टँडला लावली. मग पाठीवरची बॅग सरळ करत म्हणाला, "मशीन आणू का?"

"आन की," गोरक्ष म्हणाला. "बसंल त्येबी बाजूला. त्येलाबी कुनी शिकवलं न्हाई."